पिवळ्या गाडीचा पहिला शो

अहो, फोटो खुशाल काढा, पण आरशाला लटकू नका! नवाच बसवलाय तो. इकडे, बाजूला उभ्या राहा, म्हणजे माझी पाटीही येईल फोटोत. हो, हो, मीच ती. 'पुढच्या गावात जेवू' या सिनेमात चढावर धूर सोडणारी आणि दोन मित्रांना घेऊन गावोगाव खात फिरणारी पिवळी गाडी. सिनेमा आवडला का तुम्हाला? नाही आवडला तरी सांगा, मला सवय झालीय आता. कुणी हसून हसून पोट धरतं, तर कुणी बाहेर येऊन म्हणतं, "यात गोष्ट कुठं होती?" पण या सिनेमाच्या पहिल्या शोला काय घडलं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ते फक्त मलाच नीट ठाऊक आहे, कारण ते माझ्याच दारात घडलं.

मी जन्मले तेव्हा पांढरी होते. कारखान्यातून एका रांगेत आम्ही बाराजणी बाहेर पडलो, सगळ्या एकसारख्या. मला एका बेकरीवाल्यानं घेतलं आणि घरी नेण्याआधीच रंगवायला सोडलं. रंगारी विचारायला लागला, "कुठला पिवळा?" बेकरीवाल्यानं खिशातून कागदात गुंडाळलेला लोण्याचा गोळा काढून त्याच्या हातावर ठेवला. "हा पिवळा." मी तिथंच ओळखलं, हा माणूस साधा नाही.

त्याला सगळे 'भट्टी' म्हणायचे. एक तर तो दिवसभर भट्टीपुढं उभा असायचा, आणि दुसरं म्हणजे तापायला त्याला वेळ लागत नसे. माझ्या पोटात त्यानं दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या ठोकल्या, त्यांवर पावाचे ट्रे सरकवायचे. पहाटे गरम पाव आत आले की माझ्या काचांवर आतून वाफ धरायची. त्या वासानं रस्त्यावरचे कुत्रे माझ्यामागं धावायचे, आणि मला वाटायचं, आपण कुणीतरी मोठ्या आहोत!

मला चालवायला आला तो 'मीटर'. हे पण टोपणनावच. या माणसाला गावांची नावं लक्षात राहत नसत, माणसांची तर अजिबात नाही. पण किलोमीटर पक्के. "बेचाळिसाव्याला सूप चांगलं मिळतं." "एकसष्टला तळलेले मासे." "अठ्ठ्याहत्तरला बटाटे खायचे नाहीत, तेल जुनं असतं." भट्टी बिनसाखरेचा चहा तोंडात धरून ऐकत असायचा. पहिल्या दिवशी तो मीटरबरोबर फक्त रस्ता दाखवायला म्हणून बसला आणि पुढची चौदा वर्षं उतरलाच नाही.

सकाळी चार गावांत पाव उतरवायचे. दहाच्या सुमाराला मी रिकामी व्हायची. तिथून सरळ घरी आलं तर एक तास लागतो. आम्हाला पाच तास लागायचे! भट्टी डोळे मिटून पहिला घास घ्यायचा आणि आत काय काय घातलंय ते ओळखायचा प्रयत्न करायचा. मीटर डोळे उघडे ठेवून, बोलत बोलत खायचा. "मिरी आहे," भट्टी म्हणायचा. "आहे ना. जेव की मग," मीटर म्हणायचा. मग माझ्यात बसल्यावर मिरी की आलं यावर जे भांडण सुरू व्हायचं, ते बेकरीच्या दारापर्यंत पुरायचं. अर्ध्या वेळा भट्टीची लेकही बरोबर असायची. शाळेला सुट्टी असली की ती मागं रिकाम्या ट्रेवर बसून दोघांच्या नकला करायची. भट्टीला ते कळायचं, आणि तो मान वळवून न बघताच म्हणायचा, "मी एवढा ओरडत नाही."

"यापेक्षा जास्त ओरडता, बाबा."

असे ते दिवस होते.

मग डॉक्टरनं भट्टीचं मीठ तोडलं. लोणी तोडलं, तळलेलं तोडलं. बेकरीवाल्याला लोणी बंद! घरी तो शहाण्यासारखा वागायचा. बायकोनं वाढलेलं उकडलेलं अळणी अन्न मान खाली घालून गिळायचा. पण गाडी एकसष्टाव्या किलोमीटरला आली की म्हणायचा, "थांबव." मीटर थांबवायचा नाही. भट्टी दार उघडायला लागायचा, मग मीटरला थांबावंच लागायचं. खाऊन झालं की भट्टी लिंबाच्या सालीनं बोटं घासायचा आणि दम द्यायचा, "घरी काही बोललास तर बघ."

एक दिवस तो मासे खाऊन उठला आणि माझ्या पायरीवर येऊन मटकन बसला. ऊन फारसं नव्हतं, तरी शर्ट घामानं ओला झाला होता. हात छातीवर होता. मीटर त्याच्यासमोर उकिडवा बसला, पाणी दिलं, वहाणा काढल्या, वर्तमानपत्रानं वारा घालत राहिला. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मीटर एक शब्द बोलला नाही, आणि मीटर गप्प बसलाय हे मी पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी भट्टी उठला, म्हणाला, "गॅस झाला होता. चल."

त्या संध्याकाळी मला बेकरीमागं लावून मीटर चावी द्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. मला तिथून ते दार दिसायचं. भट्टीची बायको भांडी पुसत होती. मीटर म्हणाला, "वहिनी, हा रोज खातो. आज छातीत दुखलं त्याच्या. याला आवरा." एवढंच म्हणाला. मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टी माझ्यापाशी उभा होता. चेहरा लालबुंद. मीटर आला तसा त्यानं हात पुढं केला.

"चावी दे."

"अरे, ऐकून तर घे..."

"चौदा वर्षं तुला मित्र समजत होतो, चुगलखोर! चावी दे."

मीटरनं चावी त्याच्या हातावर ठेवली. मान खाली घालून निघून गेला, आदल्या संध्याकाळसारखाच.

त्यानंतर अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. भट्टीनं पाव पोचवायला एक छोटा टेम्पो लावला आणि मला मागच्या शेडमध्ये ढकललं. माझी चाकं बसली. डाव्या दिव्यात गांधीलमाश्यांनी घर केलं. माझ्या पोटात आधी मैद्याची रिकामी पोती आली, मग मोडका पंखा, मग लेकीची जुनी सायकल. बातम्या मला मिळायच्या त्या मालकिणीकडून. ती शेडशेजारी कपडे वाळत घालताना शेजारणीशी बोलायची. मीटर शाळेची बस चालवायला लागला, हे मला तिच्याकडूनच कळलं. "बेकरीचा रस्ता टाळायला रोज एक किलोमीटर लांबून जातात हो," ती म्हणाली होती. ऐकून माझं काळीज तुटलं. त्या माणसानं एक किलोमीटर उगाच जावं? तो तर माझ्या टायरची झीजसुद्धा मोजणारा माणूस!

मग मागच्या वर्षी एका सकाळी शेडचं दार धाडकन उघडलं. उजेडात एक सव्वीस वर्षांची मुलगी उभी होती. डोक्याला टोपी, खांद्याला पिशवी, मागं तिघंचौघं मित्रमैत्रिणी. ती पुढं आली आणि माझ्या बॉनेटवरची धूळ तळहातानं पुसून ओरडली, "हीच! सांगत होते ना तुम्हाला, हीच ती!"

भट्टीची लेक होती. सिनेमा करायला शिकून आली होती, आणि तिचा पहिला सिनेमा माझ्यावर करणार होती. माझ्यावर! गंजलेल्या बिजागऱ्यांसकट मी थरथरले. भट्टीनं परवानगी दिली, पण बायकोनं तीन दिवस त्याच्याशी अबोला धरल्यावर. "कर काय करायचं ते," तो लेकीला म्हणाला. "फक्त पावाचं नाव खराब करू नकोस." सिनेमात काय आहे ते त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

मेकॅनिकनं मला महिनाभर उघडून ठेवलं. नवी चाकं, नवा क्लच, पुन्हा तोच लोणीपिवळा रंग. आणि मग सव्वीस दिवसांचं शूटिंग! काय सांगू तुम्हाला! मीटर झालेल्या नटाला गिअर टाकता येत नव्हता, तो दर वेळी माझे दात वाजवायचा. सूप गरम दिसावं म्हणून एक मुलगी टेबलाखाली लपून वाफ सोडायची. भट्टी झालेल्या नटानं तळलेले बटाटे अकरा वेळा खाल्ले. अकराव्या वेळी "कट" ऐकून तो माझ्यामागं धावला आणि... जाऊ द्या. सगळे हसले. लेक सगळ्यात जास्त हसली.

फक्त एका दिवशी कुणी हसलं नाही. तो प्रसंग स्वयंपाकघराच्या दाराचा होता. खोटं स्वयंपाकघर, खरी मी. मीटर झालेला नट म्हणाला, "वहिनी, याला आवरा," आणि मला वाटलं, झालं. पण तो थांबला नाही. पुढं म्हणाला, "मला एके दिवशी गाडी एकट्यानं परत आणायची नाहीये."

हे वाक्य खऱ्या मीटरनं कधीच म्हटलेलं नव्हतं. मी तिथं होते. पण नऊ वेळा घेतला तो प्रसंग, आणि नऊही वेळा मला वाटलं, हेच म्हणायचं होतं त्याला.

पहिला शो शनिवारी दुपारी होता. मला थिएटरच्या बाजूच्या दारापाशी उभं केलं होतं, अंगावर सिनेमाचं मोठं कापड बांधून. आतला पंखा बिघडला होता म्हणून ते दार विटेनं उघडं ठेवलं होतं, त्यामुळं मला आतलं सगळं ऐकू येत होतं. भट्टी बायकोबरोबर आला, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं, पण जाता जाता माझ्या दाराचा खटका एकदा दाबून पाहिला. दहा मिनिटांनी मीटर आला. एकटाच. केस पांढरे झाले होते. लेक स्वतः त्याच्या घरी जाऊन बोलावून आली होती. तो मागच्या रांगेत बसला. पुढच्या रांगेत कोण आहे हे त्याला ठाऊक होतं. भट्टीला मागचं काही माहीत नव्हतं.

लेक आत गेलीच नाही! माझ्या आडोशाला, चाकापाशी बसून राहिली. कॅमेरावाला मित्र तिला म्हणाला, "आत चल ना."

"नको. लोक हसले नाहीत तर मला तिथंच उलटी होईल."

चौथ्या मिनिटाला आत पहिलं हसू फुटलं. मग दुसरं. मग असा एक हशा उसळला की माझ्या काचा थरथरल्या, आणि लेकीनं माझं चाक घट्ट धरलं. मी हॉर्न वाजवायचीच बाकी होते! तेवढ्यात पडद्यावर माझा हॉर्न वाजला, आणि तो माझा नव्हता. कुठल्या तरी ट्रकचा भसाडा आवाज लावला होता माझ्या तोंडी! तेव्हा लोकांसारखंच माझंही या सिनेमाबद्दल मत थोडं चांगलं, थोडं वाईट आहे.

मध्यंतरात लोक मोकळ्या हवेला बाहेर आले. लेकीनं टोपी डोळ्यांवर ओढली आणि कान टवकारले.

"बाई गं, मला इतकी भूक लागलीय!" कचेरीतल्या चार मैत्रिणींपैकी एक म्हणाली. "बटाटे कसले कुरकुरीत दिसत होते!"

"मला तर कंटाळा आला," दुसरी म्हणाली. "जेवतात, भांडतात. भांडतात, जेवतात."

कोरीव दाढीवाला एक समीक्षक फोनवर कुणाला तरी सांगत होता, "विनोद ठीक आहे, पण कथा कच्ची आहे. भाजायला हवी होती अजून." स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन त्यानं ते पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

एक म्हातारे गृहस्थ बायकोला म्हणाले, "दोन बाप्ये नुसते खात फिरतात. ही काय गोष्ट झाली?"

"तुम्ही घरी दुसरं काय करता?" बाई म्हणाल्या. "ते निदान फिरतात तरी."

कॅमेरावाला तोंड दाबून हसत होता. लेकीच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. ती हसत होती की रडत होती, तिलाच कळत नसावं.

मध्यंतरानंतर हसू हळूहळू कमी झालं, आणि मग तो प्रसंग आला. आत एकदम शांतता. 'मला एके दिवशी गाडी एकट्यानं परत आणायची नाहीये.' कुणीतरी खोकलं.

तेवढ्यात विटेला धक्का लागला, दार सताड उघडलं, आणि भट्टी बाहेर आला. चेहरा पांढराफटक. लेक ताडकन उठली.

"बाबा? बाबा, काय झालं?"

"काही नाही. जरा बाहेर यायचं होतं." तो माझ्याकडं आला, दार उघडलं, आणि ज्या पायरीवर तो त्या दिवशी मटकन बसला होता तिथंच बसला. लेक काही विचारणार इतक्यात त्या दारातून मीटर धावत आला. साठीचा माणूस, धावत! त्याला अंधारात एवढंच दिसलं होतं की भट्टी अर्ध्यातून उठून बाहेर गेला.

"छातीत दुखतंय का? पाणी आणा! अगं, उभी काय राहिलीस, पाणी आण!" तो थेट भट्टीपुढं उकिडवा बसला आणि त्याच्या शर्टाची बटणं सोडायला लागला.

अकरा वर्षांनी बोललेले पहिले शब्द ते!

भट्टीनं त्याचा हात धरला. "माझ्या छातीला काही झालेलं नाही. तूच धापा टाकतोयस. बस खाली."

मीटर जमिनीवर बसला. दोघं एकमेकांकडं बघेनात. लेक पाण्याची बाटली धरून तशीच उभी.

"ते वाक्य," भट्टी म्हणाला. "तू म्हणालास असं तेव्हा?"

मीटर वहाणेवरची धूळ झटकत राहिला. मग म्हणाला, "नाही. वाक्य हिचं आहे."

"आणि भीती?"

"भीती माझी होती."

भट्टीनं टोकदार बोलायला तोंड उघडलं, तापायला त्याला वेळ लागत नाहीच. पण त्यानं मीटरच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. "गाढवा," तो अखेर म्हणाला, "मग तेव्हाच का नाही म्हणालास?"

"तू चावी मागितलीस."

"चावी मागितली म्हणून काय झालं? भांडायचंस! एरवी मिरीवरून दोन दोन तास भांडायचास माझ्याशी!"

"मिरी नव्हतीच त्यात. आलं होतं."

"मिरी होती!"

आणि सुरू! माझ्या दारात, भर दुपारी, अकरा वर्षं साठलेलं सगळं बाहेर पडलं. तोवर सिनेमा संपला आणि लोक बाहेर यायला लागले. पायरीवर दोन म्हातारे हातवारे करून भांडतायत हे बघून त्यांना वाटलं, ही सिनेमाचीच जाहिरात आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या! "आत होते त्यांच्यापेक्षा हे बरे आहेत," कचेरीतली कंटाळलेली बाई म्हणाली. भट्टीची बायको पदरानं डोळे पुसत दारात उभी होती. तिनं मध्ये पडायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

लेकीनं अखेर धीर करून विचारलं, "बाबा, काका, सिनेमा कसा वाटला?"

दोघं तिच्याकडं वळले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

"चुकलंय सगळं," भट्टी म्हणाला. "सूपवाली बाई एवढी बारीक नव्हती."

"आणि चढावर माझ्या हातून गाडी कधी बंद पडली नाही," मीटर म्हणाला.

"ते बरोबर दाखवलंय तिनं. दोनदा पडली होती."

"एकदा!"

"सूप बेचाळीसला होतं की नाही? यांनी तळ्याकाठी दाखवलं. आणि तो नट घास डोळे उघडे ठेवून घेतो! माझी बदनामी आहे ही."

लेक आधी हसली, मग रडली, मग दोघांच्या मध्ये त्याच पायरीवर जाऊन बसली. जागा नव्हती, तरी बसली. माझ्या जुन्या बिजागरीनं कुरकुर केली असेल, पण खरं सांगते, एवढं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं आली. एकानं पाचपैकी दोन तारे दिले, दुसऱ्यानं चार. एकानं लिहिलं, 'पोट भरतं, मन भरत नाही.' दुसऱ्यानं नेमकं उलटं लिहिलं. भट्टीनं दोन तारेवाल्या समीक्षकाला फोन लावला. "साहेब, तुम्ही जेवून गेला होता का सिनेमाला?" समीक्षक म्हणाला, हो. "मग काय कळणार तुम्हाला!" म्हणून यानं फोन ठेवून दिला. लेक कपाळाला हात लावून बसली. घरात मात्र स्वतः तोच दिवसातून तीनदा सांगतो की सिनेमातली प्रत्येक गोष्ट खोटी आहे. बाहेरच्या कुणी तसं म्हटलेलं त्याला चालत नाही.

सिनेमाचा आता तिसरा आठवडा चाललाय. शनिवारी थिएटर भरतं, मंगळवारी पुढच्या चार रांगा रिकाम्या असतात. लेक आता चाकापाशी लपत नाही, दारात उभी राहून विचारते, "काय आवडलं नाही तुम्हाला?" लोक बिचकतात, मग सांगतात, आणि ती मान डोलावून ऐकते. मी आठवडाभर इथं फोटो काढून घेते. पण रविवारी मला कापड सोडून मोकळं करतात. मीटर पुढं, भट्टी शेजारी, लेक मागं. भट्टी सूप बिनमिठाचं घेतो आणि तोंड वाकडं करून संपवतो. मीटर घरी गेल्या गेल्या सगळा वृत्तान्त वहिनीला सांगतो, आणि आता भट्टीच त्याला मध्ये मध्ये आठवण करून देतो.

हं, काढला का फोटो? या मग सावकाश. आणि तुमच्याबरोबर सिनेमाला जे कुणी आलंय ना, त्यांच्याशी घरी जाताना जरा भांडा या सिनेमावरून. गप्प बसू नका. आणखी एक विनंती: येत्या रविवारी रस्त्यात पिवळी गाडी समोरून येताना दिसली, तर कडेला व्हा आणि मला आधी जाऊ द्या. माझे ब्रेक उत्तम आहेत, मेकॅनिकची शपथ. पण आत कुणीतरी मान वळवून कुणाला तरी ओरडत असणार, आणि त्या वेळी समोर कुणाचंच लक्ष नसतं!